मोबाइलवर वाचायचं मराठी कॉमिक कसं काढावं

सुरुवातीला गोष्ट लहान निवडा, सात-आठ चौकटींत संपेल एवढीच. नाशिककरांना विषय शोधत लांब जायला नको. गोदावरीला पूर आला की शहरभर एकच चौकशी चालते, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं पाणी?" हा मारुती म्हणजे गोदाकाठची उंच मूर्ती, तिच्या कुठवर पाणी चढलं यावरून लोक पूर मोजतात. पहिला भाग एवढ्यावर उभा राहतो. रेखाटनं मात्र उन्हाळ्यातच करून ठेवा. पुरात घाटावर उतरू नका.

मग संवाद लिहा, चित्राच्या आधी. चित्र पूर्ण करून उरल्या जागेत शब्द कोंबले की चांगलं कॉमिकही वाचवत नाही. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ओळींत अंतर जास्त लागतं आणि संवादाचा फुगा फुगतो. म्हणून आधी मजकूर बसवा, फुगा आखा, मग माणसं उभी करा. वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा. "काय रे, पूल बंद केला का?" असं पंचवटीतला माणूस विचारतो, "पूल बंद करण्यात आला आहे का?" ही सरकारी पाटी झाली. मुक्ता, बालू हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

चित्रासाठी क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. वेबटून या संकेतस्थळावर कॉमिक वरून खाली सरकवत वाचायच्या उभ्या पट्टीत असतं, तिथे पट्टीची रुंदी 800 पिक्सेल लागते. तुम्ही दुप्पट रुंदीवर काढा आणि शेवटी लहान करा. थर (लेयर) वेगवेगळे असलेली मूळ फाइल जपून ठेवा, पुढे छपाईला लागेल.

उभ्या पट्टीची खरी गंमत चौकटींमधल्या मोकळ्या जागेत आहे, कारण तिथे वेळ जातो. मारुती प्रत्येक चौकटीत त्याच जागी, त्याच आकाराचा ठेवा. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मधली जागा दर वेळी कमी करत न्या. वाचकाचा अंगठा तसाच सरकतो, पण पूर धावत येतो. इथे संवाद एकही नको.

चार-पाच भाग हातात असल्याशिवाय पहिला टाकू नका, आणि वार ठरवून तोच पाळा. सुरुवातीला पैसे बहुधा बाहेरच्या कामांतून येतात: पत्रिका, दुकानाची जाहिरात, पुस्तकातली चित्रं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा हक्क कोणाकडे राहणार, हे काम सुरू करण्याआधी लेखी ठरवा. पात्र विकताय की एका वेळेपुरतं वापरायला देताय, हे त्यात स्पष्ट लिहा.