मार्क जॉबला दिले, मुलाला नाही

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे कारागिरी शिकवणारे शिक्षक, म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहितोय. अभ्यासक्रम, हजेरी, नोंदवह्या तुम्हाला ठाऊक असणारच. मी चुकलो ते मूल्यमापनात, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

नाशिकच्या सातपूरला फिटरच्या पहिल्या बॅचला मी फक्त तयार जॉब, म्हणजे मुलाने सरावात घडवलेली वस्तू, बघून मार्क द्यायचो. नर-मादी जोड (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) चोख बसला, फटीतून उजेड आला नाही, की भरघोस मार्क. सुरगाण्याचा एक मुलगा कायम पुढे असायचा. अंबडच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिसच्या निवडीला त्याच्या हातात व्हर्नियर (बारीक माप घेण्याचं, सरकत्या पट्टीचं साधन) दिला, आणि तो गप्प उभा राहिला. वर्षभर तो एक तुकडा दुसऱ्याला लावून, कानस मारून, पुन्हा लावून बसवत आला होता. हात उत्तम होता. माप मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, जॉब चालू असताना प्रत्येकाजवळ थांबा. अनोळखी तुकडा द्या, ज्याचं माप फक्त तुम्हाला माहीत आहे. व्हर्नियर मुद्दाम ‘शून्य त्रुटी’ असलेला, म्हणजे जबडे मिटले तरी शून्य न दाखवणारा, निवडा. लघुतम माप (सरकत्या पट्टीच्या एका रेघेचं मोल) ०.०२ मिमी, मुख्य पट्टीवर २४, सरकत्या पट्टीची सतरावी रेघ जुळली, म्हणजे २४.३४. पण जबडे मिटल्यावर तो ०.०६ जास्त दाखवत असेल, तर खरं माप २४.२८. जो आधी जबडे मिटवून बघतो, त्याला मोजणं कळलं. जो थेट २४.३४ म्हणतो, त्याला पट्टी वाचता येते, एवढंच. दोघांना सारखे मार्क देऊ नका.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर बंदच करा. वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो. तोंडी परीक्षेत पेठ-सुरगाण्याची मुलं पुस्तकी मराठीला बिचकतात. त्यांना ‘करून दाखव’ म्हणा, हात बोलतात.

‘मार्क महिनाअखेरीला बसून एकदम भरून टाका’ असं सांगणारे ज्येष्ठ भेटतील. माझ्या मते हा सल्ला मुलांचं नुकसान करतो. नोंद त्याच दिवशी करा, निकष जॉब सुरू होण्याआधी फळ्यावर लिहा. अधूनमधून पाच जॉब सहकाऱ्याला तुमचे मार्क न दाखवता तपासायला द्या. फरक मोठा आला तर निकष मोघम आहेत.

पहिल्याच बॅचला हे सगळं जमणार नाही, धीर सोडू नका. मलाही तिसऱ्या बॅचपर्यंत लागलं. आणि द्राक्षं काढणीला आली की निफाड-दिंडोरीची मुलं गैरहजर राहतात. त्यांना शून्य देऊन मोकळे होऊ नका, परत आल्यावर तोच जॉब पुन्हा लावा.