घराजवळचा निसर्ग आणि मुलांची पुस्तकं: या चुका टाळा

बाजारातल्या बऱ्याच चित्रपुस्तकांत ऑक्टोबरमध्ये पानं लाल-पिवळी होऊन गळतात, डिसेंबरात बर्फ पडतो आणि मार्चमध्ये कुठे पहिलं फूल उमलतं. ते पुस्तक वाचून ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचं किंवा नवी मुंबईतल्या वाशीतलं मूल ऑक्टोबरात खाली उतरलं, तर त्याला एकही झाड लाल दिसत नाही. मग ‘पुस्तकातला निसर्ग वेगळा आणि आपल्याकडे तसं काही नसतं’ असं त्याच्या मनात पक्कं बसतं. यात नुकसान मोठं आहे, आणि ते पुस्तकाची वेळ चुकल्यामुळे होतं.

पुस्तक चुकीच्या महिन्यात काढणं

आपल्याकडे पानगळ थंडीमुळे होत नाही, कोरडेपणामुळे होते. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, जमिनीतली ओल हळूहळू आटते आणि पानांतून उडून जाणारं पाणी वाचवण्यासाठी झाडं पानं टाकतात. त्यामुळे खरी पानगळ दिसते ती साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. पानगळीचं पुस्तक तोवर कपाटातच राहू द्या. जानेवारी-फेब्रुवारीत सोसायटीच्या फाटकाजवळचा देशी बदाम शोधा. त्याची वीतभर लांब पानं गळण्याआधी अक्षरशः लालभडक होतात, आणि एकाच पानावर हिरवा, पिवळा, लाल असे तिन्ही रंगही सापडतात. पुस्तकातलं चित्र आणि हातातलं पान शेजारी ठेवायला याहून चांगलं झाड आपल्या भागात नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास चकवते. पानं गळत असतानाच काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. निष्पर्ण फांदीवर मोठी लाल फुलं आणि त्यांतला मकरंद प्यायला आलेल्या साळुंक्या, बुलबुल, शिंजीर (सनबर्ड). परदेशी पुस्तकात या दोन गोष्टी सहा महिन्यांच्या अंतराने येतात, इथे त्या एकाच फांदीवर दिसतात. हे मुलाला आधी सांगू नका, पाहून त्यालाच विचारू द्या.

बाकीच्या महिन्यांचा अंदाज असा धरा. जूनमध्ये बेडूक, गोगलगायी, गांडुळं. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीवरचं शेवाळ, भूछत्रं आणि मोकळ्या प्लॉटवर उगवणारा टाकळा. सप्टेंबरात ठाण्याच्या येऊरच्या आणि नवी मुंबईच्या खारघरच्या डोंगरउतारांवर तेरडा, आणि तिथून नोव्हेंबरपर्यंत फुलपाखरं. त्यासाठी घोडबंदरकडची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग सोयीची आहे. थंडीत खाडीवरचे पक्षी. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण, करवंदं, जांभळं. पुस्तकं या क्रमाने लावली की अर्धं काम झालं. कारवी या डोंगरावरच्या झुडपाचं मात्र वेगळं आहे, ती आठ वर्षांतून एकदा भरभरून फुलते. येऊरच्या बाजूला तो बहर 2016 मध्ये आणि 2024 मध्ये येऊन गेला, म्हणजे पुढचा 2032 च्या सुमारास.

लांबचं ठिकाण ठरवणं

महिन्यातून एकदा गाडी काढून कर्नाळ्याला जाण्यापेक्षा इमारतीपासून पाच मिनिटांवरचं एक झाड दर आठवड्याला पाहिलेलं चांगलं. ऋतू म्हणजे बदल, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय बदल कळत नाही. झाड निवडताना मात्र रॉयल पाम नको. वर्षभर तो जवळजवळ सारखाच दिसतो आणि मूल तिसऱ्या खेपेला कंटाळतं. देशी बदाम, पिंपळ, काटेसावर, बहावा, रेन ट्री यांपैकी काहीही चालेल. रेन ट्रीची पानं संध्याकाळी आणि दाट ढग आले की मिटतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलांना तो विशेष आवडतो.

पिवळ्या फुलांचं प्रत्येक झाड बहावा नसतं, इथे मोठी माणसंही फसतात. रस्त्याकडेला सर्रास लावलेला असतो तो सोनमोहर. त्याची फुलं फांदीच्या टोकाला वर उभी असतात, पानं गुलमोहरासारखी बारीक आणि शेंगा चपट्या, तांबूस. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, पानाला मोठ्या पर्णिकांच्या मोजक्याच जोड्या असतात आणि शेंग काळी, गोल, हातभर लांब. दोन्ही शेंगा गोळा करून मुलाच्या हातात द्या, पुन्हा चूक होणार नाही.

भरती-ओहोटी न पाहता फ्लेमिंगो बघायला जाणं

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, 2022 मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हा दर्जा मिळाला. पक्षी साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतात. पण खाडीकाठच्या ऐरोलीला रविवारी सकाळी सोयीच्या वेळी पोचलं की ते दिसतीलच असं नाही. पूर्ण ओहोटीला ते दूर चिखलात चरत असतात आणि मुलाला दिसते फक्त एक फिकट रेघ. पाणी चढायला लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की बरेच थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात.

वेळ काढायचा जुना हिशोब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आत ही वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून पडताळून घ्या. सकाळी लवकर जायचं असेल तर एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस धरा आणि भरतीच्या दीड-दोन तास आधी ऐरोलीला पोचा. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, चिखल पुरता बुडत नाही, त्यामुळे पाणथळ जागांवर पक्षी कमी येतात. पौर्णिमा-अमावास्येला तिथे पक्ष्यांची गर्दी जास्त, पण वेळ भर दुपारची. टोपी आणि पाणी लागेलच. खाडीतली बोटीची फेरीही भरतीवर ठरते, आधी चौकशी केल्याशिवाय निघू नका.

पुस्तकातला फ्लेमिंगो नखशिखांत गुलाबी असतो, इथे राखाडी-पांढरे पक्षीही दिसतील. ती पिल्लं आहेत. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन, त्यांतल्या रंगद्रव्यामुळे, काही वर्षांनी ती गुलाबी होतात. निघण्याआधी एवढं सांगितलं तर ‘हे ते नाहीत’ अशी तक्रार येत नाही.

दुर्बीण 8×40 किंवा 8×42 (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी) पुरे. 10× मुलांच्या हातात थरथरते. पाच वर्षांखालच्या मुलाला दुर्बीण देऊच नका, त्याला डोळ्यासमोर चित्र धरता येत नाही आणि चिडचिड होते. भिंग मात्र कोणत्याही वयाला जमतं, फक्त हात लांब करून धरायचं नाही. भिंग डोळ्याजवळ आणायचं आणि पान भिंगाकडे सरकवायचं. 3× भिंगाला सुमारे आठ सेंटिमीटर अंतर लागतं, 10× ला अडीच. दुर्बीण असो की भिंग, त्यातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे दर खेपेला सांगा.

आधी सगळं पुस्तक वाचून मग बाहेर नेणं

त्यामुळे फेरफटका परीक्षेसारखा होतो. ‘हे कोणतं झाड? पुस्तकात काय होतं?’ असं दोनदा विचारलं की मूल झाडाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. निघताना फक्त तीन-चार पानांची चित्रं दाखवा आणि पुस्तक मिटा. बाहेर वीस मिनिटं पुरतात. पूर्ण वाचन घरी आल्यावर, हातपाय धुऊन, त्याच दिवशी. फोनवर नाव शोधणंही तेव्हाच. नाव लगेच मिळालं की पाहणं तिथेच थांबतं.

वाचताना पान उलटण्याआधी दोन-तीन सेकंद थांबा, पुढे काय होणार ते मुलं तेवढ्यात बोलतात. भाषांतराची मराठी जड वाटली तर वाचता वाचता ते वाक्य घरच्या बोलीत सांगा. तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन ओळी आणि एकूण सोळा-वीस पानं पुरेत. त्यापुढचं पुस्तक अर्ध्यात सुटत असेल तर मुलाला आवड नाही असं समजू नका, पुस्तक लांब आहे.

पुस्तकांवर फार खर्च करायची गरज नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मुलाला तिथे नेऊन स्वतःचं पुस्तक निवडू द्या.

नको तिथे हात घालणं

केसाळ सुरवंटाला हात लावू द्यायचा नाही. लागलाच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवा. थंडीत येऊरला खाजकुयलीच्या मखमली शेंगा लोंबतात, त्यांनाही हाच उपाय. अंगावर सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर थेट डॉक्टर. पावसात साचलेल्या पाण्यात मुलांना उतरवू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर बंदी असते, ती पाळा. येऊर हे बिबट्याचं घर आहे, अंधार पडायच्या आत बाहेर या.

पानं दाबून ठेवायचा उद्योग पावसाळ्यात फसतो, कारण हवेतल्या ओलीने दोन दिवसांत बुरशी येते. तो नोव्हेंबरनंतर करा: गळलेलं पान वर्तमानपत्राच्या घडीत, वर वजन, दर दोन दिवसांनी कागद बदलायचा, आठ-दहा दिवस. पावसाळ्यात त्याऐवजी छाप काढा. पान पुसून शिरांची बाजू वर ठेवायची, वर पातळ कागद आणि मेणखडू आडवा धरून घासायचा. शिरा ठळक येत नसतील तर कागद जाड आहे किंवा पान उलटं ठेवलंय.

पुस्तक भिजल्यावर इस्त्री फिरवणं

इस्त्री नको, कडक ऊनही नको, पानं वाकडी होतात. पुस्तक उभं ठेवा, पानं पंख्यासारखी उघडा आणि पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. मध्ये कोरे टिश्यू घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. गुळगुळीत कागदाची चित्रपुस्तकं मात्र ओली असतानाच पान-पान सुटी करावी लागतात. तशीच वाळली तर ती कायमची चिकटतात. लगेच वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने काढून एकेक पान सोडवा.

जून ते सप्टेंबर मुलांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तीन-चार बोटं जागा सोडा. पुस्तकं दाटीने लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओल कोंडते, त्याऐवजी खणात सिलिका जेलच्या पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. डांबरगोळ्या मुलांच्या पुस्तकांत कधीच नकोत. लहान मुलं त्या तोंडात घालतात आणि त्या विषारी असतात.