रंग वर, काळी माती खाली: बास्केटबॉल कोर्ट नव्याने बांधताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या लेआऊटच्या मैदानावरच्या बास्केटबॉल कोर्टाचं लोकार्पण झालं. निळा-लाल रंग, पांढऱ्या रेघा, फीत, पेढे. या दिवाळीत तिथे गेलो, तर एका बोर्डाखालून निघालेली भेग मधल्या वर्तुळापर्यंत पोचली होती आणि तिच्यात माझ्या स्कूटरची किल्ली उभी राहत होती. पोरं भेग चुकवून ड्रिबल करायला शिकलीत, तेवढंच कौतुक. आयुष्यभर सिव्हिलची कामं केल्यामुळे राहवलं नाही; माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवलं. रंगकामाच्या बाबी सविस्तर, थरागणिक. जमिनीसाठी एकच ओळ: ‘आवश्यकतेनुसार खोदकाम व भराव’. नागपुरात ही ओळ लिहिली की भेग ठरलेलीच.

माती न तपासता आकडा टाकणे

सगळ्यात महाग चूक ही, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवरच्या भेगांत हात जातो, हे इथे कुणाला सांगायला नको. कोर्टाची स्लॅब पडली की मधली माती झाकली जाते, तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दर पावसाळ्यात भिजते, दर उन्हाळ्यात सुकते. कडा वर-खाली होत राहतात आणि काँक्रीट तडकतं. स्लॅब जाड करून हे थांबत नाही, फक्त भेग उशिरा येते.

चाचणी अगदी स्वस्त आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे, एक पाण्यात, एक रॉकेलात, आणि २४ तास ठेवायचे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली, तर ती जागेवर ठेवून वर काही बांधू नये. मैदानात दोन कोपऱ्यांत आणि मधोमध असे तीन खड्डे घ्या. काळा थर किती खोल जातो ते तिथेच दिसतं. बऱ्याच ठिकाणी खाली मुरूम लागतो, मग तेवढीच माती काढावी लागते. थर फारच खोल असेल, तर जमेल तेवढी काढून वर न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर दाबून बसवतात.

आता हिशेब करा. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. चारी बाजूंना २ मीटर मोकळी जागा धरली की ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. ६० सेंटिमीटर काळी माती काढायची तर सुमारे ३६५ घनमीटर, आपल्या भाषेत १२९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणलेली माती सुटी होऊन आणखी वाढते, आणि भरायचा मुरूम दबून कमी होतो, म्हणून दोन्हीकडे गाड्या जास्तच लागतात. तो मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून बसवायचा. हे सगळं ‘आवश्यकतेनुसार’ या एका शब्दात मावेल का? मावत नाही, म्हणून ठेकेदार करत नाही. अंदाजपत्रकापेक्षा बरंच खाली येऊन काम घेणाराही वाचवतो ते इथेच, कारण रंगात चोरी लगेच दिसते.

पाण्याला वाट न देणे

स्लॅबला एकाच बाजूला, मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर उतार हवा. १९ मीटर रुंदीत तो १९ सेंटिमीटर होतो, म्हणजे खालच्या कडेची नाली आधी आखायला हवी. नाली नसेल तर ते पाणी कडेच्या मातीतच मुरतं आणि वरची सगळी गोष्ट पुन्हा सुरू होते. पिण्याच्या पाण्याची टाकी कोर्टाला चिकटून ठेवण्याची हौसही सोडा. बिल देण्याआधी टँकर बोलावून कोर्ट भिजवा. एक तासाने जिथे डबकं दिसेल तिथे एक रुपयाचं नाणं आडवं टाका. नाणं बुडालं तर रंग लावण्याआधी ती जागा दुरुस्त करून घ्या.

मार्चमध्ये कार्यादेश

३१ मार्चच्या आत निधी कामाला लावायचा म्हणून कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, मार्चमध्ये निघतो आणि काँक्रीट एप्रिलमध्ये पडतं. पारा ४५ अंशांवर असताना ओतलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत वरून केसासारखं तडकतं, पाणी मारायला टँकर मिळत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ॲक्रिलिक रंग लावला तर तो पसरायच्या आत वाळतो. घाई अशी की काँक्रीटला २८ दिवस द्यायचे ते दहाच दिले जातात. आत राहिलेली ओल मग रंगाला फोड आणते.

वेळापत्रक उलटीकडून मांडा. रंग जानेवारी-फेब्रुवारीत हवा, तर काँक्रीट डिसेंबरमध्ये, मातीकाम दिवाळीनंतर, आणि निविदा पावसाळ्यातच काढायची. आचारसंहितेची शक्यता असेल तर आणखी आधी.

खर्चाच्या तक्त्यात १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवला आहे का, ते बघा. आकस्मिक खर्च ५ टक्के पुरत नाही, कारण खणताना जुनी नळाची लाईन निघतेच.

दिवे टाळू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सातच्या आधी कोण खेळतं? २०० वॅटचे आठ एलईडी रोज तीन तास लावले तर वर्षाला साधारण १,७५० युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण महावितरणचं बिल कुणाच्या नावावर येणार हे लिहून ठेवलं नाही, तर दुसऱ्या वर्षी खांब उभे आणि मैदान अंधारात. जाळी, रिंग आणि काही वर्षांनी पुन्हा रंग यांचीही दरवर्षी तरतूद हवी.

आणि मंडप! गणपती, नवरात्र, लग्नाचं रिसेप्शन: सपाट, स्वच्छ जागा दिसली की बल्ल्या रोवायला सब्बल येते. एका भोकातून पाणी खाली गेलं की सहा महिन्यांत त्याच्याभोवती रंग उचलतो. ‘कार्यक्रमास मनाई’ ही पाटी कुणी वाचत नाही. त्यापेक्षा कोर्टाबाहेर, मुरमात, मंडपासाठी पाईप कायमचे गाडून द्या आणि भाड्याबरोबर अनामत घ्या. खर्च काही हजारांचा, आणि भांडण नाही.

आमच्या कोर्टासाठी दुरुस्तीचा प्रस्ताव तयार झालाय. भेगा भरायच्या आणि वरून नवा रंग. भरलेली भेग पुढच्या मे महिन्यात उघडते, हे मी प्रस्ताव करणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘काका, मंजूर बाब तेवढीच आहे.’ म्हणून मी अर्ज दिलाय, एकाच ओळीचा: रंगाआधी तीन खड्डे घ्या.