पद्मिनीचं हेड उघडण्याआधी

केरीकडून चोर्ला घाट चढताना आमच्या पद्मिनी गाडीचा तापमानाचा काटा तांबड्यात गेला, तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) बदलून महिनाही झाला नव्हता. ज्यांनी काम केलं त्यांनी जुनं गॅस्केट खरवडलं, नवं घातलं, आवळलं आणि किल्ली हातात दिली. हेड सपाट आहे का, हे बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी मी बेळगावच्या शहापुरात घरामागच्या पत्र्याखाली स्वतःच उघडायला बसलो.

पण उघडायची घाई करू नका. पाणी कमी होतंय म्हणजे गॅस्केटच गेलं असं नाही. आधी रेडिएटरचं झाकण, होज आणि वॉटर पंपाखालची ओल बघा. आपल्याकडे जुलैत सकाळी कुठलीही गाडी दोन मिनिटं पांढरा धूर सोडतेच. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर शंका घ्या. ऑइलच्या झाकणाखाली लागलेली साय नुसत्या दमटपणानंही येते, विशेषतः गाडी भाजीमार्केटपुरतीच फिरत असेल तर. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील.

मी खात्री केली ती अशी. गार इंजिनाचा फॅनबेल्ट काढला, रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण उघडंच ठेवलं आणि गाडी चालू केली. पंप फिरत नसल्यामुळे पाणी स्थिर राहायला हवं. माझ्या रेडिएटरात डाळीला आधण यावं तसे बुडबुडे. अर्ध्या मिनिटात बंद करा, जास्त नको. मग चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. पहिला आणि चौथा १३० पीएसआयच्या आसपास, मधले दोन ७०च्याही खाली. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी फुटल्याचा संशय पक्का. एकच पडला असता तर चमचाभर ऑइल आत सोडून परत मोजलं असतं. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा.

उघडायचं ते रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. बॅटरी सोडवा, पाणी काढा. पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सळ्या) काढताना खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात क्रमानं खोचा, ज्याची जागा त्यालाच. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करा. हेड चिकटलं तर मधे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. लाकडी ठोकळा धरून हळू ठोका. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं घासू नका, भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा आणि तोंडाला मास्क हवाच.

आता खरं काम. अ‍ॅल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून गाडी एकदा चांगली तापली की हेड वाकतं, ब्लॉक तसाच राहतो. साफ केलेल्या हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि मागं ट्यूबलाइट धरा. माझ्या पट्टीखालून मधल्या दोन सिलिंडरांमध्ये उजेडाची नखाएवढी रेघ दिसली. फट मोजायचं ०.०५ मिलिमीटरचं पातं आत शिरलं, ०.१०चंही शिरलं. हेड पिशवीत घालून उद्यमबागेत फेसिंगला, म्हणजे मशिनवर घासून सपाट करायला, नेलं. मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न केला, "ब्लॉकला पट्टी लावून बघितलासा काय ओ?" नव्हती लावली. घरी येऊन लावली, ब्लॉक सरळ निघाला. फेसिंग कमीत कमी सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकू लागतं. चीर आहे का, तेही तिथंच तपासून घ्या.

बसवताना बोल्टची भोकं पुसून कोरडी करा. तळाशी पाणी राहिलं तर आवळताना ब्लॉक तडकतो. गॅस्केटची बाजू दोनदा बघा. मग टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) घेऊन मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, हाताच्या अंदाजाचा नको. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, लावा.

गाडी मुळात का तापली, ते न शोधता चालू केलीत तर परत माझ्यासारखे घाटात उभे राहाल. माझ्या रेडिएटरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार दाटला होता, आणि थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी कधीचाच काढून टाकलेला. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून, घेतला, थर्मोस्टॅट नवा बसवला. आता डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंटच घालतो.

पहिली फेरी जांबोटीपर्यंतच, बिनचढाची. ५०० किलोमीटर झाल्यावर, गॅस्केट जुन्या पद्धतीचं असेल तर, गार इंजिनावर त्याच क्रमानं पुन्हा टॉर्क द्या. माझे दोन बोल्ट थोडे फिरले. गॅस्केट दबल्यावर टॅपेटचं अंतर बदलतं, तेही त्याच बैठकीत लावून टाका.