घरी नेट नाही, कॉम्प्युटर नाही: अशा मुलांना मदत करताना या चुका टाळा

अकोले तालुक्यात, डांगाणातल्या म्हणजे डोंगराकडच्या भागातल्या मुलांना शिकवताना एक चूक मी दरवर्षी पाहतो, आणि ती मदत करणाऱ्यांचीच असते. मुलाचा फॉर्म दुसराच कुणी घाईघाईने भरून टाकतो.

घाटघरकडची एक मुलगी एस.वाय.ला आली. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज रिन्यू करायचा होता. आदल्या वर्षी कॅफेवाल्याने तो पाच मिनिटांत भरून दिला होता. मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्यानेच काढलेला, पासवर्ड त्याच्या डोक्यात. हिला युजर आयडीही ठाऊक नव्हता, आणि ते दुकान तोवर बंद पडलं होतं. आधारवरून जाऊ म्हटलं, तर आधारला नंबर भावाचा आणि भाऊ नारायणगावला टोमॅटो तोडायला. मुकादमाच्या फोनवर तो भेटला तेव्हा कळलं, त्याचा रिचार्ज कधीच संपलाय. ओटीपी येणार कुठून? आम्ही रिचार्ज मारला. तो आकडे वाचायला लागला की रेंज जायची, ओटीपीची वेळ संपायची. चौथ्यांदा जमलं. ऐन आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, पोरीचे तीन दिवस गेले, एसटीचं भाडं वेगळंच.

तेव्हापासून मी माउसला हात लावत नाही. मूल खुर्चीवर, मी शेजारी स्टुलावर. एका अर्जाला तास लागतो, लागू दे. नवे सहकारी म्हणतात, "सर, एवढा वेळ कुठेय?" त्यांना मी ते तीन दिवस सांगतो. युजर आयडी आणि दिलेला मोबाइल नंबर वहीच्या शेवटच्या पानावर, पासवर्डची चिठ्ठी घरच्या पेटीत. आधारला स्वतःचा नाहीतर आईचा नंबर जोडायचं काम जूनमध्येच उरकायचं.

शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. मुलं भलत्याच बँकेचं पासबुक घेऊन खेटे घालतात. कोणतं खातं जोडलंय, ते आधी बघा.

दुसरी चूक रात्री दहाला ग्रुपवर "उद्या अकरापर्यंत सबमिट करा" असं टाकण्याची. "मोबाइल तर सगळ्यांकडे आहे" हे मला पटत नाही. घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, भावंडं तीन, आणि रेंज टेकडीवर. मी सूचना फळ्यावर लिहितो आणि मुदत आठ दिवसांची देतो. त्यात आठवडी बाजाराचा दिवस येतोच, आणि त्या दिवशी घरचं कुणीतरी राजूरला उतरतं. राहिलेला कागद त्यांच्याबरोबर येतो.

चाळीस एमबीचं स्कॅन केलेलं पीडीएफ पाठवू नका, मजकूर टाइप करा. कागदपत्रांचे फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दाखल्यावरचा नंबर वाचता येत नाही.

आणि लॅबला जेवणाच्या सुट्टीत कुलूप लावू नका. संध्याकाळी शेवटची एसटी गाठायची असते, या मुलांना कॉम्प्युटरपुढे बसायला तेवढा पाऊण तासच मिळतो.