तवांगला जाताय? मग हे वाचा

अरुणाचल प्रदेशातल्या तवांगला एका दमात पोहोचायचा हट्ट नको. गुवाहाटी किंवा तेजपूरहून निघा आणि वाटेत दिरांगला मुक्काम कराच, शरीराला उंचीची सवय होते. इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, आधीच काढा, झेरॉक्स हाताशी ठेवा.

गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगा, बोगद्यातून नको, सेला खिंडीवरून ने. २०२४ मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून गाड्या खालूनच सटकतात आणि वरचं तळं राहून जातं. बर्फ पडत असेल तर मात्र बोगदाच बरा. खिंड सुमारे १३,७०० फुटांवर आहे, तेव्हा फोटोसाठी पळापळ करू नका.

तवांगच्या सतराव्या शतकातल्या बौद्ध मठात सकाळी लवकर जा. प्रार्थना चालू असेल तर मागे गुपचूप बसा, मोबाइल खिशात. प्रार्थनाचक्रं घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची. मिठाचा लोण्याचा चहा मिळाला तर तो चहा नव्हे, सूप समजून प्या, घशाखाली उतरतो! सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान उर्गेलिंग इथून जवळच आहे. छोटंसं, म्हणून लोक टाळतात. मला विचाराल तर गर्दीच्या मठापेक्षा तिथेच जास्त वेळ द्या.

चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीसाठी वेगळी परवानगी लागते, ती आदल्या दिवशी तवांगमध्येच मिळवा. त्याच रस्त्यावर संगेत्सर तळं आहे. भूकंपाने तयार झालेलं, पाण्यात वठलेली झाडं अजून उभी. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं, त्यामुळे पहाटेच निघा.