नवरंग आणि तिबोटी खंड्या: मे-जूनमधल्या कर्नाळ्याची तयारी

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंतचे दिवस पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यासाठी राखून ठेवा. दक्षिणेत हिवाळा काढून आलेला नवरंग याच सुमारास शीळ घालू लागतो, आफ्रिकेहून चातक येतो आणि वळवाच्या सरींमागोमाग तिबोटी खंड्या ओढ्याकाठी उतरतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा जीव, पण पिवळंधमक पोट, जांभळट झाक मारणारं डोकं आणि लाल-केशरी चोच पहिल्यांदा नजरेस पडली की अंगावर काटा येतो. दिसतो मात्र दोन-तीन सेकंद. सगळी तयारी त्या दोन-तीन सेकंदांसाठी.

आधी कान तयार करा. या दाट रानात पक्षी अगोदर ऐकू येतो, मग दिसतो. नवरंगाची दोन सुरांची मोठी शीळ पहाटे आणि संध्याकाळी येते, ती लवकर ओळखता येते. तिबोटीची शीळ बारीक आणि धारदार असते, बहुतेकदा उडता उडता दिलेली, आणि किड्यांच्या किरकिरीत ती सहज हरवते. म्हणून आठवडाभर दोन्ही आवाज रोज ऐका. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमधला भारताचा पॅक घरच्या वाय-फायवरच उतरवून ठेवा, रानात रेंजचा भरवसा नाही. तिथे ध्वनिमुद्रण वाजवायचं मात्र नाही. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी खाणंपिणं सोडून त्या आवाजामागे फिरत राहतो.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. १०×४२पेक्षा तिच्यातून झाडीच्या अंधारात चित्र उजळ दिसतं, हातही कमी थरथरतो. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का तेही तपासा, कारण नवरंग जमिनीवर पाचोळा उलथत अगदी जवळ येतो. डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारं कडं) घरीच लावा: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या बाजूचं चित्र स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या नळीवरचं कडं फिरवा. या मोसमात सगळ्यात जास्त घात होतो तो भिंगांवरच्या धुक्याने. एसी गाडीतून गार झालेली दुर्बीण दमट हवेत काढली की काचा पांढऱ्या पडतात आणि नेमका त्याच वेळी पक्षी समोर असतो. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. काच शर्टाने पुसू नका, मायक्रोफायबरचं फडकं ठेवा; घरी आल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, नाहीतर पावसाळाभरात बुरशी धरते. डासांच्या मलमात डीईईटी हे रसायन असेल तर ते दुर्बिणीचं रबर आणि प्लॅस्टिक खातं. हात धुऊनच दुर्बिणीला लावा.

पाणी माणशी ३ लिटर, शिवाय एक लिटर पाण्याची ओआरएसची पुडी. घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. डोकं जड झालं की उशीर झालेला असतो. मातकट किंवा शेवाळी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली (गोचिड असतात), पकड असलेले बूट. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी. पेन नको, पेन्सिल घ्या.

फाटक कधी उघडतं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि रविवार टाळा, किल्ल्याच्या वाटेवर जत्रा असते. अभयारण्यातल्या मोरटाका नावाच्या वाटेवर सावलीतला ओढा गाठून पाऊण तास हलू नका. फिरणाऱ्याला तिबोटी फार क्वचित दिसतो. निळा झोत गेला म्हणून लगेच नोंद करू नका: साध्या खंड्याची (कॉमन किंगफिशर) पाठ निळी आणि चोच बहुतांशी काळी असते. चोचीचा रंग, पोटाचा रंग, वेळ आणि जागा तिथल्या तिथे लिहा, पुसट का होईना फोटो घ्या.

जूनमध्ये मातीच्या दरडीत तिबोटीचं बीळ असू शकतं. चोचीत सापसुरळी धरलेला पक्षी एकाच फांदीवर बसून ओरडतोय, पण पुढे जात नाहीये, याचा अर्थ तुम्ही बिळाच्या वाटेत उभे आहात. कॅमेरा खाली करा आणि तसेच मागे सरका. अडणारी फांदी तोडणं, घरट्याचे फोटो काढणं, जागेचं लोकेशन ग्रुपवर टाकणं, यांतलं काहीही नको.

गाडीत भोकं पाडलेलं एक रिकामं खोकं टाका. रात्री प्रवास करणारे नवरंग आणि तिबोटी या दिवसांत इमारतींच्या काचांवर आपटून पडतात. असा पक्षी सापडला तर खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.